डब्यातील मळा

वऱ्हाडची जमीन काळी व कसदार म्हणून दूरवर प्रसिद्ध आहे. बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून बाहेर पाहिले, तर दोन्ही अंगांना क्षितिजाला भिडलेली सपाट वावरे दिसतात. पावसाळ्यात ती हिरवीगार होतात, आणि दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटीची बोंडे उमलू लागली, म्हणजे त्यांवर चांदणे सांडल्यासारखे वाटते. अशा भूमीवर राहणाऱ्या माणसाच्या ताटात हिरव्या पालेभाजीची कधीच वानवा पडत नसेल, असे परक्या माणसाला वाटणे साहजिक आहे.

परंतु याच भूमीच्या पोटात एक दुःख दडलेले आहे. सातपुड्याच्या डोंगरात उगम पावणारी पूर्णा नदी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत जाऊन चांगदेव येथे तापीला मिळते. तिच्या दोन्ही तीरांवर गाळाच्या मातीचा खोल थर साचलेला आहे. त्या थरात क्षार आहेत, आणि म्हणून तेथील विहिरींचे पाणी खारट लागते. या प्रदेशाला खारपाण पट्टा असे नाव पडले आहे. दर्यापूर, भातकुली, आकोट, तेल्हारा या तालुक्यांतील अनेक गावे त्यात मोडतात. २०१८ साली महाराष्ट्रात सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णेच्या खोऱ्यातील अशी ९३२ गावे घेण्यात आली होती. यावरून या दुःखाचा विस्तार केवढा आहे, हे ध्यानात येईल.

खारे पाणी पिकाला का चालत नाही? झाडाची मुळे मातीतील पाणी शोषून घेतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. मातीतील पाण्यात क्षार वाढले, की ते पाणी ओढून घेणे मुळांना जड जाते. भोवती ओल असूनही रोप तहानलेलेच राहते. शिवाय उन्हाने पाणी वाफ होऊन उडून जाते, पण क्षार मागे उरतात. असे वारंवार पाणी देत गेल्यास माती दिवसेंदिवस अधिक क्षारयुक्त व घट्ट होत जाते. कापूस, मूग, तूर, हरभरा ही पिके पावसाच्या आणि जमिनीतील ओलीच्या बळावर येतात. मेथी, पालक, सांबार यांसारख्या भाज्यांना मात्र थोडे थोडे पाणी नित्य द्यावे लागते. म्हणून पावसाळा सरला, की खारपाण पट्ट्यातील गावाला पालेभाजीसाठी बाजाराची वाट पाहावी लागते. दुरून आलेली जुडी उन्हाने अर्धी सुकून जाते आणि तिला दामही अधिक मोजावे लागतात.

मग यावर उपाय काय? वान आणि शहानूर यांसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतून कित्येक गावांना पिण्यासाठी नळाने गोडे पाणी आणलेले आहे. ते वावराला पुरणार नाही, हे उघड आहे. आपण एक साधा हिशोब करून पाहू. एक गुंठा जमीन म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तीवर केवळ एक सेंटिमीटर उंचीचे पाणी उभे करायचे म्हटले, तरी सुमारे एक हजार लिटर पाणी लागते. याउलट अंगणात ठेवलेल्या एका डब्याला दिवसाकाठी एक-दोन तांबे पाणी पुष्कळ होते. जे वावराला अशक्य, ते डब्याला सहज शक्य आहे! घरातील जुना डबा, फुटकी बादली, गळका माठ यांत पालेभाजी लावता येते, आणि आपल्या दारात एक चिमुकला मळा उभा राहतो.

फुटक्या मडक्याची गोष्ट निघाली, की वऱ्हाडातील माणसाला संत गाडगे महाराजांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. हातात खराटा आणि जवळ मडक्याचे एक फुटके गाडगे, एवढाच त्यांचा संसार. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. इतरांनी उकिरड्यावर टाकलेली वस्तूही जाणत्या माणसाच्या हाती उपयोगी पडते, हे त्या गाडग्याने सर्वांच्या डोळ्यांपुढे ठेवले. आपला मळाही अशाच टाकाऊ वस्तूंतून उभारावयाचा आहे.

प्रथम भांड्याची निवड करावी. मेथी, सांबार यांसारख्या भाज्यांची मुळे फार खोल जात नाहीत. त्यांना वीतभर खोलीचे पसरट भांडे चालते. गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आडवा ठेवून त्याची वरची बाजू कापली, तर त्यांच्यासाठी उत्तम वाफा तयार होतो. पालक व अंबाडी यांना याहून थोडे खोल भांडे बरे. पत्रा कापण्याचे व त्याच्या धारदार कडा आत वळविण्याचे काम वडीलधाऱ्यांकडून करून घ्यावे. रंगाचे किंवा कीटकनाशकाचे डबे मात्र कधीही घेऊ नयेत. त्यांतील विष कितीही धुतले तरी पुरते जाईल, याचा भरवसा नसतो. भांड्याच्या तळाला पेन्सिलीएवढी पाच-सहा छिद्रे पाडावीत. ही छिद्रे नसतील, तर पाणी तळाशी साचते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. छिद्रांवर खापराचे तुकडे उपडे ठेवावेत, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाण्याची वाटही मोकळी राहते. भांडे दोन विटांवर ठेवले, म्हणजे खालून हवा खेळते.

आता मातीचा विचार करू. येथे पुष्कळजण फसतात. वऱ्हाडची काळी माती एवढी नामांकित, तेव्हा तीच डब्यात भरली की काम झाले, असे त्यांना वाटते. पण तसे होत नाही. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक असतात. ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावराला पडलेल्या भेगा तुम्ही पाहिल्या असतील. वावरात हा तिचा गुण ठरतो. कारण ती पावसाचे पाणी पोटात साठवून ठेवते आणि पाऊस संपल्यावरही पऱ्हाटीला पुरविते. परंतु डब्यात तिचा हाच गुण दोष होऊन बसतो. भिजली असताना ती पाण्याला खाली जाऊ देत नाही. वाळली, की आकसून डब्याच्या कडेपासून सुटते. मग वरून ओतलेले पाणी त्या फटीतून घसरत तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. पाहणाऱ्याला वाटते, की झाडाला भरपूर पाणी मिळाले. रोप मात्र सुकत जाते.

म्हणून काळ्या मातीला सोबत द्यावी लागते. दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. वाळूमुळे माती मोकळी होते, आणि शेणखतामुळे तिला पोषण मिळून ओलही टिकते. मूठभर मिश्रण ओले करून दाबून पाहावे. त्याचा गोळा व्हावा, पण बोटाने टोचताच तो फुटावा; तशी माती डब्याला योग्य समजावी. ताजे शेण मात्र घालू नये. ते कुजताना उष्णता निर्माण होते आणि कोवळी मुळे करपतात.

शेणखत मिळत नसेल, तर घरीच खत करता येते. एका जुन्या माठाला बाजूने छिद्रे पाडून त्यात भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा यांचा एक थर आणि वाळलेल्या पाल्याचा एक थर असे आलटून पालटून घालीत जावे. अधूनमधून काठीने हलवावे व पाण्याचा हबका मारावा. दोन-तीन महिन्यांत त्याचे काळसर, भुसभुशीत खत होते. पहिल्या पावसानंतर जमिनीला येतो तसा वास त्याला आला, म्हणजे ते तयार झाले असे समजावे.

पेरणी करताना ऋतूचा मान ठेवला पाहिजे. मृगाचा पाऊस पडला, की अंबाडी आणि चवळाई लावावी. अंबाडीची आंबट पाने ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजवून खाण्याची चाल वऱ्हाडात जुनी आहे, आणि तिच्या वाखाचे दोरही वळले जातात. चवळाईलाच काही ठिकाणी तांदुळजा म्हणतात. तिचे बी मोहरीहूनही बारीक असते. म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळून पेरावे, म्हणजे एके जागी दाटी होत नाही. दसऱ्यानंतर हवेत गारवा येऊ लागला, की मेथी, पालक आणि सांबार यांची पाळी येते. इतरत्र जिला कोथिंबीर म्हणतात, तोच आपला सांबार. मेथीचे दाणे रात्रभर भिजवून पेरले, तर तीन ते पाच दिवसांत अंकुर वर येतात आणि महिन्याभरात भाजी काढण्याजोगी होते. धन्याचा दाणा मात्र आधी हलक्या हाताने रगडून त्याच्या दोन फाका कराव्यात. त्याला उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा उतावीळ होऊन माती उकरून पाहू नये.

उन्हाळा हा वऱ्हाडातील मळ्याचा कसोटीचा काळ होय. अकोल्याचा पारा तेव्हा कित्येकदा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. पत्र्याचा डबा तापला, की आतील मुळे भाजून निघतात. म्हणून डब्याभोवती ओले तरट गुंडाळावे आणि दुपारच्या उन्हापासून आडोसा करावा. या दिवसांत मेथी-पालकाचा हट्ट धरू नये. चवळाई, घोळ आणि विदर्भात आवडीने खाल्ली जाणारी चिवळ या भाज्या उन्हाला सहज हार जात नाहीत.

थंडीच्या दिवसांत एक परका पाहुणाही आपल्या डब्यात राहू शकतो. त्याचे नाव केल. पानकोबी, फुलकोबी आणि नवलकोल ही सारी केलची भावंडे आहेत. एकाच रानटी झाडापासून माणसाने निवड करीत करीत ती निर्माण केली. कोबीची पाने एकमेकांत गुंतून गड्डा होतो. केलची पाने सुटी आणि मोकळी राहतात. युरोपातील थंड देशांत ही भाजी शतकानुशतके गोरगरिबांचा आधार होती. स्कॉटलंडमध्ये तर परसबागेलाच केलवरून नाव पडले होते. आपल्या देशातही तिचे अगदी जवळचे नातलग आहे. काश्मिरात घरोघरी रांधली जाणारी हाक नावाची पालेभाजी याच कुळातील होय. ही झाडे थंडीला भीत नाहीत. उलट कडक थंडीत त्यांच्या पानांत साखर वाढून ती अधिक गोड लागतात.

वऱ्हाडात केल लावावयाचे असेल, तर सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरात एका लहान भांड्यात बी टाकून रोपे करावीत. त्यांना चार-पाच पाने फुटली, की हातभर नसले तरी दीड वीत खोल असलेल्या डब्यात एकेक रोप लावावे. सुमारे दोन महिन्यांनी पाने काढता येतात. काढताना खालची, बाहेरची पाने तोडावीत आणि मधला कोवळा शेंडा राखावा. शेंडा राखला, तर झाड पुनःपुन्हा पाने देते. फाल्गुनातील ऊन चढू लागले, की या पाहुण्याला निरोप द्यावा. मेथी किंवा पालक आपल्याला जवळची असल्याने ती आधी लावावी. केल नंतर हौसेने लावून पाहावे. पानांच्या गुणांत आपल्या भाज्या त्याच्यापुढे मुळीच कमी नाहीत.

आता पाणी आणावे कोठून? तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी मोरीत न सोडता बादलीत साठवावे. साबणाचे किंवा मीठ घातलेले पाणी मात्र वापरू नये. पावसाळ्यात छपरावरून वाहून जाणारे पाणी धरून ठेवावे. दहा चौरस मीटर छपरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर सुमारे शंभर लिटर पाणी मिळते. हा हिशोब तुम्ही स्वतः करून पाहा. साठविलेल्या पाण्यावर घट्ट झाकण असावे, नाहीतर त्यात डास अंडी घालतात. पाणी सकाळी किंवा सायंकाळी घालावे. घालण्यापूर्वी मातीत बोट खुपसून पाहावे. आत ओल असेल, तर त्या दिवशी पाणी देऊ नये. तहानेने मरणाऱ्या रोपांइतकीच अति पाण्याने मरणारी रोपेही पुष्कळ असतात.

पाने कोवळी झाली, की त्यांवर आपल्याप्रमाणेच किडींचाही डोळा जातो. पानांच्या खालच्या बाजूस मावा बारीक ठिपक्यांप्रमाणे चिकटून बसतो व रस शोषतो. अळ्या पाने कुरतडतात. अळ्या दिसताच वेचून काढाव्यात. माव्यासाठी कडुनिंबाच्या निंबोळ्यांचा अर्क चांगला. वाळलेल्या निंबोळ्यांची पन्नास ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी आणि सकाळी गाळून ते पाणी पानांच्या दोन्ही अंगांवर शिंपडावे. भाजी चुलीवर जाण्यापूर्वी ती स्वच्छ पाण्याने धुवावी, हे निराळे सांगावयास नको.

एवढी खटपट मूठभर पाल्यासाठी करावी का, असा प्रश्न एखाद्याच्या मनात येईल. पण त्या मूठभर पाल्याचे मोल मोठे आहे. हिरव्या पानांत असलेल्या द्रव्यापासून आपले शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. त्या जीवनसत्त्वाची उणीव झाली, की अंधुक उजेडात दिसेनासे होते. यालाच रातांधळेपणा म्हणतात. रक्त तयार होण्यास लागणारे लोहही पालेभाज्यांत असते, आणि भाजीवर लिंबू पिळल्यास ते शरीराला अधिक मिळते. वाढीच्या वयातील मुलामुलींना या दोन्हींची गरज फार असते. भाकरी आणि वरण पोट भरते. परंतु डोळ्यांचे तेज आणि अंगातील रक्त यांसाठी ताटात हिरवे पानही हवे.

संकटाच्या काळात देशांनीही अशा छोट्या मळ्यांचा आश्रय घेतलेला आहे. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि इंग्लंडला समुद्रमार्गे येणारे अन्न धोक्यात आले. तेव्हा तेथील सरकारने नागरिकांना अंगणे व उद्याने खणून भाजी लावण्याचे आवाहन केले, आणि शहरांतील लाखो माणसे कुदळ घेऊन कामाला लागली. आपल्या देशातही १९४२ नंतर 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम हाती घेण्यात आली. एका घराचा वाफा लहान असतो. परंतु घरोघरचे वाफे एकत्र मोजले, म्हणजे त्यांचे शेत फार विस्तीर्ण होते.

या मळ्यातून भाजीखेरीज आणखी एक पीक हाती येते. ते म्हणजे ज्ञान. एकाच मापाचे तीन डबे घ्या. पहिल्यात नुसती काळी माती भरा. उरलेल्या दोहोंत वर सांगितलेले मिश्रण भरा. तिन्हींत मेथीचे सारखेच दाणे पेरा. पहिल्या दोन डब्यांना गोडे पाणी द्या. तिसऱ्याला एक लिटर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून ते पाणी द्या. महिनाभर रोज रोपे मोजा, त्यांची उंची मापा आणि वहीत नोंद करा. माती व पाणी यांचा रोपाशी काय संबंध आहे, ते तुमची वहीच तुम्हांला सांगेल, आणि खारपाण पट्ट्यातील कास्तकाराचे दुःख काय असते, हेही त्या तिसऱ्या डब्यापाशी उभे राहिल्यावर कळेल.

याच रीतीने मोठे शास्त्रज्ञही काम करतात. अकोल्यात २० ऑक्टोबर १९६९ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात १८९८ साली जन्मलेले आणि पुढे १९५२ ते १९६२ या काळात भारताचे कृषिमंत्री झालेले डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव त्या विद्यापीठाला आहे. शेतकऱ्याच्या कष्टाला ज्ञानाची जोड मिळावी, यासाठी ते आयुष्यभर झटले. विद्यापीठाच्या विस्तीर्ण शेतात एका वाफ्याची तुलना दुसऱ्याशी केली जाते. तुम्ही एका डब्याची तुलना दुसऱ्या डब्याशी करता. क्षेत्र लहानमोठे असले, तरी डोळे उघडे ठेवून पाहण्याची आणि पाहिलेले प्रामाणिकपणे लिहून ठेवण्याची रीत एकच आहे.

डब्यातील मळा खारपाण पट्ट्याचे पाणी गोडे करू शकणार नाही. त्यासाठी धरणे, शेततळी आणि अनेकांचे दीर्घ प्रयत्न लागतील. परंतु ते होईपर्यंत दारातील एका डब्यात, वाया जाणाऱ्या दोन तांबे पाण्यावर, एका घराची एका वेळची भाजी निश्चित पिकू शकते. येत्या दसऱ्याला घरातील एक गळका डबा शोधून काढा आणि त्यात मूठभर मेथी पेरा. महिन्याने आपल्या हाताने खुडलेली भाजी आईच्या हाती द्याल, तेव्हा त्या भाजीची चव तुम्हांला कुठल्याही बाजारात विकत मिळणार नाही.